वाकडा आरसा

“इंजिनाचं राहू द्या. ओढता काय, ते सांगा,” यांनी पिकअपखालूनच विचारलं.

घोड्यांची डॉक्टर गाडीशेजारी उकिडवी बसली होती. तिने नुकतंच दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून घेतलं होतं आणि पाच मिनिटं त्याचंच कौतुक सांगत होती. ती जरा गडबडली.

“घोड्यांची ट्रॉली, काका. आजारी घोडं टेकडीवरच्या दवाखान्यात न्यावं लागतं. सगळा चढच आहे.”

“मग हे आधी बोलायचं,” म्हणत हे सरपटत बाहेर आले.

हे म्हणजे माझे यजमान. पण अडतीस वर्षं अख्खं गाव यांना ‘ॲक्सलवाले’ म्हणूनच ओळखतं. लोक हौसेने मोठं इंजिन घालतात, चाकं बदलतात, आणि मागची चाकं फिरवणारा तो मधे फुगलेला लोखंडी ॲक्सल मात्र जुनाच ठेवतात. मग तो भर रस्त्यात मान टाकतो आणि लोक आमच्या दारात येतात. डॉक्टर ॲक्सल तुटायच्या आधी आली. तेवढ्यावरच ती यांच्या मनात भरली.

“माझ्या भावाने एक ॲक्सल बघून ठेवलाय,” ती म्हणाली. “त्याने गाडी पळते म्हणे.”

“पळेल की. रिकामी पळेल.” यांनी मागच्या शेडमधल्या तीन ॲक्सलपैकी सगळ्यात जाडजूड असलेल्यावर थाप मारली. “तुमच्या जुन्यात आतला दांडा गाडीचं वजनही पेलतो आणि चाकही फिरवतो. एकट्याने किती करायचं? यात वजन बाहेरची नळी घेते, दांडा नुसता फिरतो. मोडला तरी चाक जागेवर राहतं. आणि आतल्या चक्राच्या दातांचा हिशेब चढाला धरून घेऊ. वेग थोडा जाईल, पण दम राहील.”

“थोडा म्हणजे किती?”

“घोड्यांना विचारा. त्यांना कुठे घाई असते?”

डॉक्टर हसली आणि गाडी ठेवून गेली.

पुढचे दोन दिवस नेहमीसारखे गेले. ॲक्सलच्या पोटात एक मोठं दातेरी चक्र असतं आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन. दोघांची गाठ केसभर इकडेतिकडे झाली तरी चालत नाही. म्हणून दातांना पिवळा रंग लावायचा, चक्र फिरवायचं, डाग कुठे उमटतो ते बघायचं, पिनियनखालची पातळ पत्री बदलायची आणि पुन्हा फिरवायचं. बघायचं काम यांचं, फिरवायचं माझं. संसारातही साधारण हीच वाटणी आहे.

मग ट्रायल. पूर्वी हे एकटे जायचे, खिडकीची काच खाली करून, मान बाहेर कलती करून ॲक्सलचा आवाज ऐकत. दोन वर्षांपूर्वी मुलगी नोकरीला दूर गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा एक दिवस म्हणाले, “चल, तेवढीच हवा खाशील.” तेव्हापासून मी प्रत्येक ट्रायलला जाते. उतारवयात का होईना, माणसाला सुचलं, म्हणून मी मनातून खूश होते. फक्त एक खोड मला आवडत नसे. गाडीत बसल्याबसल्या हे आतला आरसा वाकडा करून ठेवत. गिऱ्हाइकं नंतर कुरकुरत.

एक काळजी मात्र पोटातच होती. वर्षभर बघत होते, किटली शिट्ट्या मारून दमते आणि हे शेजारी बसून पेपर वाचतात. मुलीचा फोन आला की दोनदा ‘हो, हो’ म्हणून माझ्या हातात देतात. मी एकदा कानाच्या डॉक्टरचा विषय काढला, तर दोन दिवस अबोला धरला. मग मी तो विषय सोडून दिला. ॲक्सलवाल्याचा कान गेला तर उरलं काय, हे मला कळत होतं.

या पिकअपच्या ट्रायलच्या दिवशी घोड्यांची डॉक्टर सकाळीच येऊन बसली होती. एका घोडीच्या पोटात दुखत होतं, दुपारी तिला दवाखान्यात हलवायचं होतं. आम्ही ट्रायलला निघालो. यांनी आरसा वाकडा केला, गाडी साठाला नेली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

ॲक्सल गायला लागला. बारीक आणि लांब, कोंडलेलं पिल्लू रडावं तसा. असं गाणं म्हणजे दात नीट बसलेले नाहीत, दोन वर्षांत एवढं मलाही कळायला लागलं होतं. यांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं. मला ते बघवेना. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले.

“छान बसलाय,” हे म्हणाले. “देऊन टाकू.”

परत येऊन यांनी डॉक्टरला द्यायला किल्ली काढली, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो चढ आला, ट्रॉलीत कळवळणारी घोडी आली, आणि गाडी चालवणारी ही आमच्या मुलीच्या वयाची पोर आली.

“अहो, जरा आत या.”

आत आल्यावर मी एका दमात बोलून टाकलं. “पाय सोडला की गातोय.”

हे रागावले नाहीत. “किती वेगाला?”

“साठावरून खाली येताना. पन्नासला थांबतो.”

“पाय दाबून ओढताना?”

“ओढताना नाही.”

“म्हणजे पिनियन जास्त आत गेलाय. एक पत्री कमी करायची.” फडक्याला हात पुसत राहिले. “डाग जरा दातांच्या मुळाकडे होताच. म्हटलं, तू सांगशील.”

“मी?”

“मग आरसा कशाला वाकडा करतो मी? आवाज आला की तुझ्या कपाळावर आठी पडते. दोन वर्षं त्या आठीवर धंदा चाललाय. आज तू तोंडच फिरवलंस.”

मला राग आला की रडू, ते अजून सांगता येत नाही. दोन वर्षं मी हवा खायला जात होते आणि प्रत्यक्षात कामावर होते.

“सांगायचं नाही का?”

“खूपदा ठरवलं,” हे म्हणाले. “तोंडातून निघेना.”

मग बाहेर गेले आणि डॉक्टरसमोर उभे राहिले. “चार तास थांबावं लागेल. आवाज येतोय. हिला आला. मला आता येत नाही.”

एवढी चार वाक्यं त्यांनी गिऱ्हाइकासमोर कशी उच्चारली, ते मला ठाऊक आहे. डॉक्टरने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. “चालेल, काका. तोवर तुमच्या गाडीने जाऊन घोडीला इंजेक्शन देऊन येते.”

आम्ही ॲक्सल पुन्हा उघडला. पत्री बदलली, रंग लावला, मी फिरवलं. डाग दातांच्या मधोमध उमटला. ऊन कलल्यावर परत ट्रायलला निघालो. यांचा हात सवयीने आरशाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मीच आरसा सरळ केला. त्यात मागचा रस्ता दिसू लागला. मग मी माझा हात यांच्या गुडघ्यावर ठेवला.

“आवाज आला तर दाबेन,” मी म्हटलं.

साठाला पाय सुटला. पन्नास, चाळीस, तीस. माझा हात तसाच राहिला.

“काय म्हणतोय?”

“काही म्हणत नाही.”

यांनी मान डोलावली. खिडकीची काच खाली केली, आणि पूर्वी एकटे जायचे तेव्हासारखी मान बाहेर कलती करून थोडा वेळ गाडी चालवली. मग काच वर करून गाडी वळवली.