पोपटीकडचा गोल

त्या रविवारी वाल्मिकच्या पदरात पडायचं होतं ते असं : पॉवरहाऊसमध्ये फिटरच्या हाताखाली कायमची नोकरी, वर्षाला दोन खाकी सदरे, दोन खोल्यांचं क्वार्टर, मागच्या दारी नळ आणि खोलीत विजेचा दिवा. यातल्या दिव्यावर वाल्मिकच्या बायकोचा, बायजाचा, फार जीव होता. भिवपुरीच्या पॉवरहाऊसमधून निघालेल्या तारा आमच्या वाडीच्या डोक्यावरून थेट मुंबईला जात, आणि खाली वाडीत रॉकेलच्या रेशनवर चिमणीसुद्धा जपून लावावी लागे. बायजा भांडी घासताना वर बघून म्हणायची, "आपल्याच डोक्यावरनं वरात चाललीय, आन आपल्याला बोलावणं नाय."

गवताच्या प्रेसवर गठ्ठे आवळणाऱ्या माणसाला असली नोकरी कोण देणार, असं कोणीही विचारील. तर फुटबॉल देणार होता. लढाईच्या दिवसांत खालच्या माळावर गोऱ्या पलटणीचा तळ पडला होता. लढाई संपल्यावर पलटण गेली आणि तिच्यामागे वाडीला दोन वस्तू राहिल्या : रिकाम्या डब्यांचा ढीग आणि एक कातडी फुटबॉल. डबे बायकांनी वाटून घेतले, बॉल पोरांनी. त्यातून भात कापल्यावर दर रविवारी हिरामणच्या खालच्या खाचरात खेळ सुरू झाला. एका बाजूला वाडीतले, दुसऱ्या बाजूला कर्जत बाजारातले. बाजारवाल्यांचा पुढारी शकूर. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि बॉलचं ब्लॅडर फुटलं की ठिगळ तोच लावायचा, म्हणून त्याला कोणी संघाबाहेर काढू शकत नसे. वाडीचा गोलकीपर वाल्मिक. गठ्ठे झेलून झेलून त्याचे पंजे असे झाले होते की बॉल एकदा हातात आला की दाव्याला बांधल्यासारखा राही.

पॉवरहाऊसच्या टीमचा गोलकीपर बदली होऊन गेला होता. तिथले पारशी फोरमन जालसाहेब हे खेळाचे वेडे आणि खाण्याचे त्याहून. हिरामण त्यांच्या क्वार्टरवर दूध घालायचा. त्यानं एकदा दुधाबरोबर वाल्मिकचं नावही घातलं. साहेब म्हणाले, "रविवारी येतो, बघतो. आणि तुमची ती पोपटी पण करा."

इथे हिरामणला काय मिळणार होतं, हेही सांगून टाकलेलं बरं. आपला माणूस पॉवरहाऊसमध्ये शिरला की दुधाची गिऱ्हाइकं वाढतात. तसा तो मनानं वाईट नव्हता. फक्त त्याचं प्रत्येक पुण्य दुभतं असे.

आता पोपटी माघातच व्हायची, वालाच्या शेंगा भरल्या की. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी, परत शेंगा, आणि तोंडाला पाल्याचा बोळा गच्च. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या रचून आग लावायची. आत काय चाललंय ते दिसत नाही आणि उघडून बघता येत नाही. वरून पाण्याचे शिंतोडे मारायचे. चर्र होऊन तिथल्या तिथे विरले की झाली. मग क्षणभरही थांबायचं नाही. आणि आमच्याकडची रीत अशी, की ज्यानं लावली त्यानंच उतरवायची. दुसऱ्याचा हात लागला तर शेंगा कच्च्या निघतात, असं म्हातारी माणसं सांगत आणि तरुण माणसं हसत, पण हात कोणी लावत नसे.

बायजानं सकाळीच नवऱ्याला बजावलं, "अवो, आज मडक्याला शिवू नका. आज तुमी फकस्त खेळायचं."

"मंग लावणार कोन? हिरामण?"

हिरामणनं मागच्या पंधरवड्यात लावलेली पोपटी सगळ्यांच्या लक्षात होती. अंडं फोडलं तर बलक कोपरापर्यंत ओघळला होता.

"त्याची पोपटी नव्हती ती," शकूर म्हणाला, "उबवणी होती. आनखी थोडा वेळ ठेवली असती तर पिल्लं चालत बाहेर आली असती."

"हस, हस," हिरामण म्हणाला. "तू ठिगळं लावणारा. तुला शिजवण्यातलं काय कळतंय?"

"मला एवढं कळतंय, की सायबाला जुलाब झाले तर दूध कोन घेनार नाय."

यावर हिरामण एकदम वाल्मिकच्या बाजूचा झाला. वाल्मिकनंच लावायची असं ठरलं. कोंबड्या बायजाच्या, अंड्यावरच्या. त्या देताना तिनं तोंड फिरवलं, पण दिल्या. कापल्या शकूरनं, म्हणजे एका मडक्यातलं सगळ्यांना चालावं.

एरवी आधी खेळ आणि मग पोपटी. पण साहेबांना संध्याकाळच्या पाळीला हजर व्हायचं होतं, म्हणून दोन्ही बरोबरच उरकायची होती. जागाही विचार करून धरली. वारा घाटावरून, शेजारी गवताच्या गंजी. ठिणगी जाणार नाही अशी एकच जागा होती, बांधाच्या आडोशाला, बाजारवाल्यांच्या गोलामागे. वाल्मिकचा गोल पार दुसऱ्या टोकाला. हाफटाइमला त्यानं येऊन आग लावायची, परत आपल्या गोलात जायचं, आणि खेळ संपला की पळत येऊन उतरवायची. गणित चोख होतं. ते मांडणाऱ्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

जालसाहेब आले ते खुर्ची, शिट्टी आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन. पंच तेच झाले.

पहिल्या हाफमध्ये वाल्मिक असा खेळला की बायजा पदर दातात धरून बघत राहिली. शकूरनं मारलेला एक बॉल त्यानं आडवा पडून छातीशी घेतला, एक बोटांनी वर ढकलला. साहेब ओरडले, "वा रे बावा! हात आहे की जाळी!" दुसऱ्या टोकाला बाजारवाल्यांचा गोलकीपर, शकूरचा धाकटा भाऊ हसन, बांबूला टेकून वालाच्या शेंगा सोलत उभा होता. त्याच्याकडे बॉल जातच नव्हता. वाडीच्या बाजूनं पुढे हिरामण खेळत होता, आणि त्याचं आणि बॉलचं जुनं वैर होतं.

"हिरामण, म्हशीला मारतोस तशी लाथ मार की रं!" कोणीतरी ओरडलं.

"म्हैस उभी ऱ्हाते एका जाग्यावर!" हिरामण धापा टाकत म्हणाला.

हाफटाइमला वाल्मिकनं आग लावली. पेंढा धडधडला. तो हात झटकून आपल्या गोलाकडे निघाला तेवढ्यात शिट्टी वाजली.

"कुठे जातोस?" साहेब म्हणाले. "आता तुझा गोल हा."

"नाय साहेब, माझा त्यो."

"हाफटाइमनंतर बाजू बदलते. रूल आहे."

आमच्या खाचरात बाजू कधी बदलल्याच नव्हत्या. ज्याचा जो गोल तो त्याचा, शेताच्या बांधासारखा. हिरामणनं समजावून पाहिलं, "साहेब, हितं तसं नाय करत कोन," पण साहेब हसून म्हणाले, "म्हणून तर हिथून कोणी पुढे जात नाय." त्यावर बोलणार कोण? नोकरी त्यांच्या खिशात. वाल्मिक मुकाट्यानं पोपटीकडच्या गोलात उभा राहिला. पाठीला आग आणि पुढे शकूर.

तरी थोडा वेळ जमलं. मध्येच बॉलची हवा गेली. शकूर मातीत बसला, दोरी सोडून ब्लॅडर काढलं, थुंकी लावून भोक शोधलं. तेवढ्या वेळात वाल्मिक दोनदा मडक्याकडे जाऊन आला, शिंतोडे मारले. पाणी नुसतं ओघळलं. अजून वेळ होता. शकूरचं ठिगळ चिकटलं, बॉल फुगला, खेळ सुरू झाला, आणि घाटावरचा वारा वाढला.

आमच्या सवयीनं खेळ आता संपायला हवा होता. पण साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि बोट वर केलं. "ठिगळात गेला तो टाइम पुढे जोडायचा." हाही रूलच.

आता बांधावरच्या बायकांना वास येऊ लागला होता. आधी ओव्याचा, मग भांबुर्डीचा, गोड, डोक्यात चढणारा. वाल्मिकची मान आपोआप कलू लागली.

"पुढं बघ रं!" हिरामण ओरडला.

"बघतोय!"

"नाकानं बघतोयस तू!"

बायजाला राहवलं नाही. ती तांब्या घेऊन खाली उतरली आणि मडक्यावर शिंतोडे मारले. चर्र. पाणी दिसलंसुद्धा नाही. तिनं पदर हाताला गुंडाळला आणि वाकली, तशी सासूनं, सोनाबाईनं, तिचं मनगट धरलं.

"हात लावू नको गं. ज्यानं लावली त्यानं उतरवायची."

"आत्याबाई, त्यांना हलता येत नाय. जळंल."

"जळू दे. पर कच्ची निघाली, आन सायबाच्या पोटात गेली, तर मंग? रीत ती रीत."

बायजा तशीच उभी राहिली. पुढे साहेबांचा रूल, मागे सासूची रीत, मध्ये नवरा. वाल्मिकनं चर्र ऐकली होती. त्याच्या डोळ्यांपुढे हिशेब आला असणार : गोल झाला तर साहेब नाराज, पोपटी जळाली तर साहेब उपाशी. तो एक पाऊल मागे गेला, परत पुढे आला. पुन्हा मागे गेला.

शकूरनं हे मैदानाच्या मध्यावरून पाहिलं. बॉल त्याच्याच पायाशी होता. त्याच्या मनात काय होतं ते त्यानं नंतर ज्याला त्याला सांगितलं आणि मी ते खरं धरतो. त्याला वाटलं, आपण एक सोपा बॉल द्यावा, अगदी हातात दिल्यासारखा. वाल्मिक तो धरील, साहेबांसमोर आणखी एक अडवल्यासारखं दिसेल, आणि मग तो लांब भिरकावून देईल तेवढ्यात शिट्टी होईल. म्हणून त्यानं हाक मारली, "वाल्मिक, घे रं!" आणि पायाच्या कडेनं बॉल हलकेच ढकलला.

नेमका त्याच वेळी वास फिरला. भांबुर्डीचा गोड वास करपटाकडे वळला की पोपटी करणाऱ्याला तो सुईसारखा टोचतो. वाल्मिक वळला. आग पायानं उधळली, मडकं धरायला भिजवून ठेवलेलं पोतं दूर राहिलं होतं, हाताला लागलं ते कोरडं फडकं घेऊन त्यानं मडकं दोन्ही हातांनी उचललं. आणि मागे पाहिलं.

बॉल येत होता. भाताच्या धसकटांवरून अडखळत, रमतगमत, बैल पाण्यावर जातो तसा येत होता. एखाद्या पोरानं काडी आडवी टाकली असती तरी थांबला असता. वाल्मिकच्या हातात तापलेलं मडकं. टाकलं तर फुटणार, आणि फुटलं तर सगळं राखेत. तो मडकं धरून पाय पसरून एक पाऊल गोलाकडे आला, आणखी एक. "कुनीतरी आडवा रं!" एवढंच तो ओरडला. हिरामण धावला, पण हिरामणच तो. लाथ हवेत गेली आणि तो धसकटांत बसला. शकूर स्वतः आपल्याच बॉलमागे धावला, तो अडवायला. पोचला नाही. दोन बांबूंच्या मधून बॉल आत आला आणि राखेला टेकून थांबला.

साहेबांनी शिट्टी वाजवली. गोलाची आणि खेळ संपल्याची एकच.

पोपटी मात्र अशी झाली होती की तशी त्या साली परत झाली नाही. शेंगा मऊ, दाणा अखंड, कोंबडी हाडावरून सुटत होती. केळीच्या पानावर ढीग पडला आणि सगळे तुटून पडले. साहेबांनी खुर्ची सोडली आणि मांडी घातली. पाल्याचं नाव दोनदा विचारलं, बोटं चाटली, मेमसाहेबांसाठी पानात बांधून घेतली. वाल्मिक पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसला होता. त्याला शेंगा बायजा सोलून भरवत होती. ती स्वतः खात नव्हती.

शेवटी हिरामणनंच विषय काढला. "मंग साहेब, आमच्या वाल्मिकचं काय ते…"

साहेबांनी तोंड पुसलं. माणूस वाईट नव्हता. बोलताना त्यांनी वाल्मिककडे बघायचं टाळलं नाही. "तुझे हात सोन्याचे आहेत बावा. पण पॉवरहाऊसमध्ये चाकाजवळ उभा राहिलेला माणूस वासानं हलला, तर तिकडे मुंबईत अंधार होते. मला जागेवर थांबणारा पाहिजे." आणि मग हसनकडे बोट. "याच्यावर एकसुद्धा गोल नाय झाला. आणि दोन्ही हाफ हा बांबू सोडून हलला नाय. उद्या ये, डिकरा."

हसनच्या तोंडात शेंग होती. ती त्यानं गिळली नाही आणि थुंकलीही नाही.

"साहेब," शकूर म्हणाला, "ह्याच्यावर गोल झाला नाय, कारन ह्याच्याकडं बॉलच गेला नाय. ह्याला खेळताच येत नाय. आन माझ्या दुकानात हात कोन लावनार? तुमी वाल्मिकला…"

"शिकवू त्याला," साहेब म्हणाले आणि घड्याळ पाहून उठले.

शकूर वाल्मिकजवळ येऊन बसला. काही बोलायला त्यानं तोंड उघडलं, तर वाल्मिकच म्हणाला, "जोरात मारला असतास तर बरं झालं असतं. निदान दिसला नसता."

"मला वाटलं…"

"म्हाईत हाय मला काय वाटलं तुला."

हिशेब असा मिटला. साहेबांना जेवण मिळालं आणि गोलकीपरही, बरा-वाईट कसा का होईना. हसनला क्वार्टर. हिरामणला एक नवं गिऱ्हाईक : हसनच. शकूरच्या दुकानातला एक माणूस गेला. महिनाभर तो एकटाच पंक्चर काढत होता, आणि कोणी गमतीनं 'हलकेच मार' म्हटलं की पंप ठेवून आत जात होता. सोनाबाईची रीत शाबूत राहिली. वाल्मिकच्या दोन्ही तळव्यांची साल गेली आणि हंगामाच्या ऐन भरात त्याला दोरी आवळता येईना. प्रेसवरचा मुकादम म्हणाला, बदली माणूस दे, नाहीतर जागा सोड. तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे बायजा कासोटा घालून प्रेसवर उभी राहिली, आणि हंगाम संपेपर्यंत गवताचे गठ्ठे तिनं आवळले.