डबीतून उडालेला मधुमेह

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी डबीचं सील तोडलं, झाकण उघडलं आणि लाल-काळ्या पंखांचा पतंग भर दुपारी भुर्रकन उडाला. तळाशी लालसर थेंब होता.

"हे रोगाचं रक्त!" महाराज गरजले. "आठ दिवसांपूर्वी या माऊलीनं डबीत फुंकर मारली, आज तिच्या मधुमेहाला पंख फुटले! पतंग उडतात रात्री. हा दिवसा उडाला, तो साधा असेल का?"

लोक धन्य झाले. ती माऊली म्हणजे जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंची वहिनी. तिनं त्याच दिवशी इन्सुलिन बंद केलं आणि चौथ्या दिवशी शिवणयंत्रावरच कोसळली. दवाखान्यात शुद्धीवर येताच म्हणाली, "वन्सं, माझीच श्रद्धा कमी पडली. दुसरी डबी घेते."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! त्या गुपचूप सभागृहामागे गेल्या. कुंपणावरच्या वेलीची अळ्यांनी चाळण केली होती, काड्यांना कोश चिकटले होते. चार कोश त्यांनी बरणीत घालून शाळेच्या खिडकीत ठेवले.

वहिनी घरी आल्यावर पुन्हा सभागृहाकडे निघाली, तेव्हा बाईही बरणी घेऊन सोबत गेल्या. बरणीत दोन लाल-काळे पतंग फडफडत होते, खाली लालसर थेंब.

"महाराज, यात कुणीच फुंकर मारली नाही. मधुमेह झाला कुणाला, बरणीला?"

"नास्तिकांच्या बरणीत पापं उडतात!" महाराज म्हणाले. चारदोन भक्त हसले.

वहिनी मात्र बरणीकडे टक लावून पाहत होती. तिनं टेबलावरच्या ढिगातली एक कोरी डबी उचलली.

"माऊली, आधी फुंकर!"

तिनं झाकण उघडून आतला कापूस उपसला. खाली कोश चिकटलेला होता.

"मी फुंकायच्या आधीच माझा रोग आत कसा?" तिनं डबी सगळ्यांसमोर धरली. "मी मरता मरता वाचले हो!"

लोकांनी ढिगावर झडप घातली. डबीडबीत कोश! महाराज मागच्या दारानं पसार.

बाई खुर्चीवर उभ्या राहिल्या. "अंड्यातून अळी, अळीचा कोश, कोशातून पतंग. बाहेर पडताना तो साठलेला मळ टाकतो, तोच हा थेंब. पतंगांच्या कित्येक जाती दिवसाच उडतात. ज्या डबीत फडफड ऐकू येई, तीच हा भामटा उघडायचा. बाकीच्यांना 'रोग हट्टी आहे' सांगून नवी डबी द्यायचा. हात जोडून सांगते, औषधं बंद केलेल्यांनी इथूनच दवाखाना गाठा. आणि पुन्हा कुणी बंद डबी पुढे केली, तर आधी उघडून बघा!"