बोटाला कळतं

लेकीने बाबांपुढे कधीच हात टेकले असते. पण त्या शेडमध्ये नुसते हात टेकायचे म्हटले तरी आधी हातमोजे घालायला हवेत, अशी जमिनीची अवस्था.

जुन्या दारांचा, खुर्च्यांचा, खिडक्यांच्या गजांचा रंग काढून द्यायचा, हा बाप-लेकीचा धंदा. शेडमध्ये गरम कॉस्टिक सोड्याची टाकी. वस्तू बुडवली की जुना रंग सालीसारखा सुटतो, आणि हात बुडवला तर कातडीही तशीच सुटते. हे तिने बाबांना इतक्यांदा सांगितलं होतं की एव्हाना टाकीलासुद्धा पाठ झालं असेल. बाबांना नाही.

तिने कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणले. बाबांनी एकात खिळे भरून ठेवले आणि दुसरा गळक्या नळाला बांधला. जाड चष्मा आणला, तो दिवसभर कपाळावर. "कपाळाला काय दिसतं हो, बाबा?" एप्रन आणला, तो ऊन लागू नये म्हणून मोटारसायकलच्या सीटवर. आता अशा माणसाचं करायचं तरी काय, सांगा!

बाबांचं म्हणणं एकच. धुतलेल्या वस्तूवर कॉस्टिक उरलंय की नाही, ते बोटाला कळतं. बोट फिरवायचं. साबणासारखं बुळबुळीत लागलं तर अजून धुवायचं, नाही लागलं तर काम झालं.

"रबरातून काय डोंबल कळणार? मोजे घालून कुणी पोराला न्हाऊ घालतं का?"

बोटं मात्र पांढरी पडलेली, चकचकीत, भेगाळलेली. हल्ली फोनही त्यांचा अंगठा ओळखेना. बाबांच्या मते फोन बिघडला होता.

अशात तिच्या भावाला मुलगी झाली. घरातली पहिली नात. ज्या लोखंडी पाळण्यात ही दोघं भावंडं झोपली होती तो माळ्यावरून निघाला, आणि बाबांनी त्याला कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः बुडवला, स्वतः धुतला, अंगणात आणून ठेवला.

"झालं बघ. आजच रंग मारून टाक."

"लिटमसची पट्टी लावून बघितली?"

"बोट लावलंय."

तिने दात-ओठ खात पट्टी काढली आणि दोन गज जुळतात त्या ओल्या सांध्यात घातली. पट्टी निळीशार झाली, म्हणजे कॉस्टिक अजून होतंच.

"पट्टी जुनी असेल," बाबा म्हणाले.

"कालच पाकीट फोडलंय!"

"मग ओली झाली असेल."

"ओलीच करायची असते हो ती! बाबा, दात यायला लागले की पोर हेच गज चावणार आहे. तोंड भाजेल तिचं!"

"मला शिकवू नकोस. बोटाला कळतं."

झालं. तिचं डोकं फिरलं. तिने आपला हातमोजा उपसून फेकला आणि उघडं बोट सांध्यावर दाबलं. बुळबुळीत. अगदी साबणासारखं.

"अगं, काय करतेस!" बाबा ओरडले. मनगट धरून त्यांनी तिला फरफटत नळाशी नेलं आणि हात धारेखाली धरला. "अक्कल गहाण टाकलीस का? उघड्या हाताने? जळला असता ना!"

हसावं की रडावं तेच तिला कळेना. "हे तुम्ही मला सांगताय? तुम्ही? कमाल आहे! आणि बुळबुळीत आहे तिथे, चांगलं बुळबुळीत आहे."

"शक्यच नाही."

ते तरातरा परत गेले. सांध्यावर बोट घासलं. मग अंगठा. मग डाव्या हाताची बोटं. तिची बडबड चालूच होती. बाबा नळाशी आले, कट्ट्यावरची साबणाची वडी भिजवली आणि बोटांत चोळत राहिले. फेस आला, ओघळला, तरी चोळतच होते.

"हाही बुळबुळीत लागत नाही गं," ते म्हणाले.

तिने नळ बंद केला.

"सकाळी पोरीच्या गालावरून बोट फिरवलं मी," बाबा साबणाकडे बघत म्हणाले. "सगळे म्हणत होते, किती मऊ. मग मीही म्हटलं, किती मऊ."

रडू येऊ नये म्हणून ती नेहमीपेक्षा मोठ्याने खेकसली. "मोजे घाला आधी! आणि तो चष्मा खाली ओढा!"

बाबांनी हातमोज्यातले खिळे डब्यात ओतले, नळाला बांधलेला दुसरा सोडून झटकला आणि दोन्ही निमूट चढवले. पाळणा पुन्हा पहिल्यापासून धुतला. "पट्टी तू लाव," असं स्वतःहून म्हणाले.

घरी आल्या आल्या तिने अंघोळ करून भाचीला उचललं आणि बाबांसमोर धरलं. बाबांचे हात पाठीमागे.

"गाल पुढे करा."

"दाढी टोचेल तिला."

"टोचू दे थोडी. आता तरी ऐका माझं!"

बाबा वाकले आणि नातीच्या गालाला गाल लावून तसेच राहिले. पोरगी कुरकुरली, तरी त्यांना मान वर करवेना.