चार हजारावरची झांज

"टोचतात म्हणजे नेमकं कुठं?" दादानं फोनवर विचारलं.

मांडीवर माझी तान्ही लेक ठमी पेंगुळलेली होती, म्हणून मी हळूच म्हटलं, "कानात रे. अजून कुठं टोचणार? गाणी भारी आहेत. म्हणजे मला त्यातलं काय कळतंय म्हणा, पण भारी आहेत. फक्त त्या ड्रमच्या झांजा. कुणीतरी कानाशी पत्रा कापतंय असं वाटतं."

"कुठल्या गाण्यात?"

"सगळ्याच."

बोलून गेले आणि जीभ चावली.

दादाचा बँड एकट्याचा आहे. गिटार तो, ड्रम तो, घसा फाडून ओरडणाराही तोच आणि शेवटी सगळं एकत्र बसवणाराही तोच. आधी चौघं होते. एकाचं लग्न झालं, एक परदेशी गेला, एकाला वेळच मिळेनासा झाला. "बरं झालं, भांडायला कुणी उरलं नाही," असं दादा म्हणतो आणि हसतो. त्याच्याबरोबर आपण हसायला लागावं, तोवर त्याचं हसून संपलेलं असतं.

एरवी तो एका इस्पितळात लोकांचे कान तपासतो. काच लावलेल्या आवाजबंद केबिनमध्ये माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन द्यायचे, बाहेरून एकेक सूर सोडायचा. ऐकू आला की त्यानं आत बटण दाबायचं, बाहेर दिवा लागतो. जेवणाच्या सुट्टीत ती केबिन रिकामी असते. तीन वर्षं दादा दहा मिनिटांत उभ्या उभ्या डबा संपवायचा आणि उरलेल्या वेळात माइक घेऊन आत ओरडायचा. तिथल्या झाडूवाल्या मावशी मला एकदा म्हणाल्या होत्या, "तुमच्या भावाचा आवाज काही येत नाही हो बाहेर. नुसतं तोंड दिसतं. दाढ दुखत असल्यासारखं."

शुक्रवारी त्याचा अल्बम नेटवर आला. सोमवारपर्यंत अकरा वेळा वाजला होता. "त्यातल्या चार वेळा मीच वाजवला," दादा म्हणाला. मी तीन दिवस तुकड्यातुकड्यानं ऐकला, एका कानात गाणं आणि दुसरा ठमीसाठी मोकळा. त्याच्याशिवाय पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारी बहुधा मी एकटीच. म्हणून तर माझ्या त्या वाक्याला नको तेवढं वजन आलं.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन. "दुपारी येशील? माझे कान तपासायचेत."

"तुझे? आणि मी?"

"इथल्या कुणाला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत इस्पितळभर होईल. सोपं आहे गं. तुझ्या त्या कुकरपेक्षा सोपं."

बारा वर्षं दुसऱ्यांचे कान तपासले, स्वतःचे तपासून घ्यायला कधी आत बसला नव्हता.

ठमीला खांद्यावर टाकून गेले. त्यानं मला खुर्चीत बसवलं. ही चकती फिरवली की आकडा वाढतो तसा सूर बारीक होत जातो, ही फिरवली की जोर वाढतो, हे बटण दोन मोजेपर्यंत धरायचं, दिवा लागला की कागदावर खूण करायची. मग तो आत गेला, आणि बसण्याआधी खुर्ची उलटी फिरवून काचेकडे पाठ केली.

"असा का बसतोयस?"

"तुझं बोट दिसलं तर मी उगाच दाबीन. सगळेच दाबतात." त्यानं दार ओढून घेतलं.

जाडे सूर झटपट झाले, जोर दहा-पंधरावर असतानाच. बटण दाबलं की दिवा. ठमीला खेळच वाटला, ती दिव्याकडे हात करायला लागली. दोन हजारापर्यंत सगळं नीट. चार हजारावर मी बटण दाबलं.

दिवा लागला नाही.

जोर वाढवला, दाबलं. पुन्हा वाढवला. दादाची मान जराशी कलली होती, दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारल्यासारखं वाटून माणूस थांबतो ना, तशी. पेन्सिल माझ्याच हातात होती. खूण कुठंही केली असती तरी कुणाला कळलं नसतं. मी जोर वाढवत राहिले. उजव्या कानाला साठावर एकदाचा दिवा लागला. डाव्या कानाला सत्तर.

बाहेर येऊन त्यानं कागद उचलला. सरळ चाललेली खुणांची रेघ चार हजारापाशी एकदम खाली कोसळली होती.

"पास का नापास?" मी म्हटलं, काहीतरी म्हणायचं म्हणून.

"झीज आहे. मोठ्या आवाजाची. कारखान्यातली माणसं येतात ना, त्यांना असते."

"मग परत येईल ना ऐकू?"

"नाही," तो म्हणाला. पेशंटशी बोलतो तसं, सावकाश, स्वच्छ. मग कागदाकडे बघत, "झांजा नेमक्या इथंच वाजतात. म्हणजे मी त्या वाढवत गेलो. मला ऐकू येईपर्यंत."

ठमी त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घालायला बघत होती. त्यानं तिला घ्यायला हात पुढं केले.

"अल्बम काढून टाकणार?"

"दुरुस्त करणार. पण त्याला तू लागशील."

रविवारी सकाळी त्याच्या खोलीवर गेले. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या, एकच खुर्ची, ती त्यानं मला दिली. ठमी घडी घातलेल्या पांघरुणावर झोपली. दादा एका लाकडी पेटीवर बसला आणि कॉम्प्युटरवर झांजांच्या आवाजाची पट्टी खाली ओढायला लागला.

"आता?"

"अजून."

"आता?"

"अजून थोडं."

त्याच्या कपाळावर आठी आली, पण त्यानं ओढली. आता ती झांज गाण्यात मिसळून गेली होती, शेजारच्या खोलीत कुणी किल्ल्यांचा जुडगा ठेवावा, तेवढीच.

"आता छान," मी म्हटलं.

"आहे ना पण? येतेय ना ऐकू?"

मला क्षणभर कळलंच नाही तो काय विचारतोय. मग कळलं, त्याला ती आता येत नव्हती.

"येतेय," मी म्हटलं. "छान येतेय."

त्यानं मान हलवली आणि गाणं पहिल्यापासून लावलं. डोळे मिटून बसला. बोट गुडघ्यावर. जिथं जिथं झांज पडत होती, तिथं तिथं ते बोट गुडघ्यावर पडत होतं. सात मिनिटांच्या गाण्यात एकही चुकली नाही.