वीतभर फीत

फाल्गुनातलं उतरतं ऊन मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरलं, की आधी भोपळ्यांना भेटतं. पिंगट, पीतवर्णी, पोटात नाद साठवणारे भोपळे. नसीमच्या खिडकीत आता एकच टांगलेला. बाकी सगळं तंबोरे घडवणाऱ्या अब्बांबरोबर गेलं.

तीस वर्षांपूर्वी हीच खिडकी किती गजबजलेली! तंबोरा छेडणारी नसीम, रेडिओ दुरुस्त करणारा विद्याधर कोष्टी, आणि दोघांमध्ये स्पूलचं अवजड टेपयंत्र. तिचा षड्ज तो यंत्रात लांबवायचा, उलटवायचा, विजेच्या गुंजारवात विरघळवायचा. पहिल्यावहिल्या अल्बमचं नाव दोघांनी ठेवलं 'भोपळा'. आणि खपही, अहो, नावासारखाच झाला! गल्ली महिनाभर हसली. सगळ्यांत जास्त हसले अब्बा.

आज कुणा रसिकाला तो अल्बम पुन्हा काढायचा होता, म्हणून दोघं मूळ स्पूल ऐकायला बसली. नितळ, निर्मळ, निष्कलंक नाद. नसीमचे कान मात्र दुसरंच शोधत होते. तेव्हा पलीकडे बसून अब्बा तंबोऱ्याच्या तारांखालच्या घोडीवर कानस फिरवत असायचे. त्या घासण्यानं तार गुंजायला लागते, तिला जवारी येते. ती खरखर, ते अब्बांचं मधलं पुटपुटणं, कुठंच नव्हतं.

"मीच कापलं," विद्याधर म्हणाला. "मला तो गोंगाट वाटला, नसीम. ब्लेडनं वीत वीत फीत कापून टाकली."

तिला राग आला, अगदी मनापासून आला. अब्बांचा आवाज जगात दुसरीकडे नव्हता. फोटो होते ढीगभर. पण फोटो काय बोलतात?

ऊन सरकलं. भोपळ्याच्या देठाशी तपकिरी काहीतरी लकाकलं, आणि नसीमला आठवलं. अब्बांना टाकाऊ असं काही दिसायचंच नाही. विद्याधरनं टाकलेले फितीचे तुकडे वेचून ते निवडक भोपळ्यांना खूण म्हणून बांधायचे. ते भोपळे तंबोरे होऊन गावोगाव गेले, खुणा वाटेत गळल्या. हा एक भोपळा त्यांनी लेकीच्या तंबोऱ्यासाठी राखला होता. तो तंबोरा राहूनच गेला.

तिनं नखानं गाठ सोडवली. विद्याधरनं फीत पुसली, टोकांना कोरी फीत जोडून कडं केलं, यंत्रावर चढवून चाक फिरवलं. वीतभर फीत म्हणजे जेमतेम एक सेकंद.

खरर. मग अब्बा, "अजून थोडं."

गाठीपाशी शब्द जरा चुरगळला होता. विद्याधरचा हात सवयीनं ती खरखर दाबायला बटणाकडे गेला. नसीमनं तो धरला.

"राहू दे, विद्या. तीच तर जवारी आहे."

कडं फिरत राहिलं. तिनं भोपळा उतरवून मांडीवर घेतला, कान टेकवला. ऊन उंबऱ्यापाशी आलं, उंबरा ओलांडून गेलं; आणि त्या रित्या, पिंगट पोटात अब्बांचा आवाज घुमत राहिला. अजून थोडं. अजून थोडं.