तिच्या जिभेवरचा पांढरा

रंगारी पांढऱ्या रंगाचे एकोणीस प्रकार नुसते बघून ओळखत असे. दवाखान्याचा पांढरा वेगळा, बँकेचा वेगळा, आणि भाडेकरू सोडून गेल्यावर मालक घाईघाईने फासून घेतो तो तर फारच वेगळा. त्यामुळे जन्माच्या नवव्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीने जांभई दिली आणि आत जिभेवर पांढरा थर दिसला, तेव्हा दुसरा कोणीही बाप म्हणाला असता, ‘दूध असेल.’ रंगारी मनात म्हणाला, ‘मेलो. हा तर माझा.’

जांभई त्याने चार फुटांवरून पाहिली होती. चार फूट हे अंतर सासूबाईंनी ठरवून दिलेलं. सासूबाई चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होत्या आणि दर सोमवारी अख्ख्या वर्गाची नखं तपासत होत्या. निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला दहाच नखं उरली, आणि ती जावयाची निघाली. बाळ घरी आलं त्या दिवशी जावयाने मोठ्या हौसेने हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले.

“जावईबापू, तुमच्या नखांत एक अख्खी खोली आहे.”

“आई, टर्पेंटाइनने धुतलेत.”

“म्हणजे आता टर्पेंटाइनही आहे. नखं साफ झाली की बाळ मिळेल.”

पंधरा वर्षं मुरलेला रंग नऊ दिवसांत निघत नाही. रंगाऱ्याने घासणी वापरली, लिंबू वापरलं, भांड्यांची पावडर वापरली. बोटं लाल झाली, नखं पांढरीच राहिली. बाप होऊन आठवडा उलटला तरी त्याने स्वतःची मुलगी अजून उचललेली नव्हती. दूधवाल्याने एकदा उचलली होती, पण त्याची नखं चांगली होती.

आता माणूस म्हटला की पाय घसरतोच. गेले तीन दिवस, दुपारी जेवायला घरी आला आणि बायको व सासूबाई दोघींचा डोळा लागला की रंगारी चवड्यांवर पाळण्यापाशी जाई आणि करंगळी पुढे करी. बाईसाहेब ती तोंडात घेऊन अशा चोखत, की त्याच्या टाळूपर्यंत गुदगुल्या होत. उचलायचं नाही असा नियम होता, आणि तो तर नुसतं बोट देत होता. एरवी हा युक्तिवाद त्याला बिनतोड वाटे. त्या सकाळी तो घामाने भिजला. एक तर पोरीच्या पोटात विष गेलं, आणि दुसरं म्हणजे हे उघड झाल्यावर सासूबाई आपल्याला तिच्या लग्नापर्यंत चार फुटांवर ठेवतील. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. याच्या मनात डिस्टेंपर होतं.

त्याने कपाटातून रंगांच्या नमुन्यांचं शेडकार्ड काढलं आणि पाळण्यावर वाकून तो पुढच्या जांभईची वाट पाहू लागला. सहा नंबर जवळपास जुळत होता. सात नंबर जरा पिवळट.

“काय करतोयस?” बायकोने पलंगावरून विचारलं.

“छताचा रंग ठरवतोय.”

“बाळाला विचारून?”

एवढं बोलून ती हसायला लागली आणि हसतच राहिली. नऊ रात्री झोप नसल्यामुळे तिचं असं झालं होतं. उशी पडली तरी हसायची, घड्याळात सव्वा वाजला तरी हसायची. रंगाऱ्याने शेडकार्ड शर्टात घातलं आणि गॅलरीत जाऊन आपल्या जोडीदाराला फोन लावला. भिंतीचे खड्डे भरण्यात या गृहस्थाचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून सगळे त्याला पुट्टी म्हणत.

“पुट्टी, एक विचारायचंय. समजा, एका ठिकाणी पांढरा लागलाय. कुठला ते कळत नाहीये.”

“जागा कसली आहे?”

“ओलसर.”

“ओल आहे तिथे रंग लावलाच कशाला रे गाढवा? बरं, ओलं फडकं घेऊन पूस. निघाला तर डिस्टेंपर. नाही निघाला तर ऑइलपेंट.”

रंगारी हिशोब करू लागला. सोमवारी शाळेच्या भिंती, डिस्टेंपर. मंगळवारी, बुधवारी शाळेचे दरवाजे, ऑइलपेंट. म्हणजे निघाला तरी आपण, नाही निघाला तरी आपणच.

“जागा केवढी आहे?” पुट्टीने विचारलं.

“नखाएवढी.”

“मग वरून एक हात मार आणि विसरून जा,” म्हणून पुट्टीने फोन ठेवला.

तो आत आला तेव्हा सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनीही जीभ पाहिली होती.

“दूध आहे,” त्या म्हणाल्या. बोटाला स्वच्छ ओलं फडकं गुंडाळून त्यांनी जिभेवरून हलकेच फिरवलं. फडक्यावर काहीच आलं नाही. पुन्हा फिरवलं. थर होता तिथेच.

“निघत नाहीये,” त्या म्हणाल्या.

“ऑइलपेंट,” रंगारी पुटपुटला.

“काय?”

“काही नाही. डॉक्टरकडे जाऊ या. आत्ता. मी रिक्षा आणतो. दोन आणतो.”

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. जावयाचा चेहरा साधारण सहा नंबरचा झाला होता.

दवाखान्यात गर्दी होती. मानेला पट्टा बांधलेले एक आजोबा, अंगठा भाजलेला एक आचारी, खोकणारा एक वाहतूक पोलीस आणि तिघी-चौघी बायका. बाहेर टेबलापाशी बसलेल्या बाईने नावनोंदणी करताना विचारलं, “काय होतंय?”

“जिभेवर पांढरं आलंय,” सासूबाई म्हणाल्या.

“बघू.”

बाईसाहेबांनी ओठ मिटून घेतले. डोळे टक्क उघडे, तोंड कुलूपबंद. हनुवटीला हात लावला, गालाला लावला, काही नाही. घरी दर पाच मिनिटांनी जांभई देणारी पोरगी इथे साक्ष फिरवल्यासारखी गप्प.

“तोंड उघडायला लावा तोवर,” टेबलवाली बाई म्हणाली. “नाहीतर डॉक्टर आत घेतील आणि तीही तिथे अशीच बसेल.”

“आपण जीभ काढली की एवढी लहान मुलंसुद्धा नक्कल करतात,” सासूबाई म्हणाल्या. “मी वाचलंय.” आणि जीभ दाखवली म्हणून चौतीस वर्षं मुलांना बाकावर उभं करणाऱ्या या बाईंनी चष्मा सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं, आणि लांबलचक जीभ बाहेर काढली.

बाळ पाहत राहिलं. बायकोने जीभ काढायला तोंड उघडलं आणि तिला हसूच आलं. रंगाऱ्याने चार फुटांवरून काढली.

“अहो, अशी नाही, हळूहळू काढायची,” शेजारची बाई म्हणाली आणि तिने काढून दाखवली. मग बाकीच्या बायकांनीही काढली. आचाऱ्याने भाजलेला अंगठा वर धरून काढली. आजोबांना मान वळवता येईना, तेव्हा ते उठून बाळाच्या समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी काढली. पोलीस बराच वेळ सरकारी चेहऱ्याने बसून होता. शेवटी त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि मग त्यानेही काढली.

बाळाने या साऱ्या मंडळींवरून एकदा नजर फिरवली, आणि सावकाश, फार मोठी मेहेरबानी केल्यासारखं, जिभेचं टोक बाहेर काढलं.

नेमका तेव्हाच आतला दरवाजा उघडला. डॉक्टरबाईंनी पाहिलं. दहा माणसं, दहा जिभा.

“सगळ्यांची एकच तक्रार दिसतेय,” त्या म्हणाल्या. “लहानांना आधी पाठवा.”

आत डॉक्टरबाईंनी बॅटरी लावली. जीभ पाहिली, गालांच्या आतून पाहिलं. “हं,” म्हणाल्या.

त्या ‘हं’ने रंगाऱ्याचा बांध फुटला.

“डॉक्टर, तो माझा आहे.”

“बाळ ना? हो, कागदावर लिहिलंय.”

“बाळ नाही, पांढरा! शाळेच्या दरवाज्यांचा. सहा नंबर.” त्याने शेडकार्ड टेबलावर ठेवलं, आणि त्याच्या शेजारी खिशातून काढलेलं रंगाच्या डब्याचं झाकण ठेवलं. “यात काय काय आहे ते मागे छापलंय. तीन दिवस दिलं मी. रोज दुपारी. करंगळी. उजवी. आई झोपलेल्या असायच्या. मी उचललं नाही, खोटं बोलणार नाही, उचललं एकदाही नाही. पण ती बोलावते हो डॉक्टर, अशी बघते, की माणसाने करायचं काय! तिचं पोट धुवायचं तर धुवा, माझं धुवायचं तर माझंही धुवा.”

बायकोने पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. सासूबाई जावयाकडे पाहत होत्या. तशा नजरेखाली पूर्वी अख्खे वर्ग चिडीचूप होत.

डॉक्टरबाईंनी शेडकार्ड उचललं, बाळाच्या तोंडाशी नेलं, निरखून पाहिलं.

“पाच नंबर आहे,” त्या म्हणाल्या. “आणि रंग नाही. बारीक बुरशी आहे, पुष्कळ बाळांना होते. दूध असतं तर पुसून गेलं असतं. औषध लावलं की आठवड्याभरात साफ. यात तुमचा काही हात नाही.”

“नक्की? रंग नाही?”

“ओल्या जिभेवर ऑइलपेंट टिकतो होय?”

एवढं ऐकून माणसाने पाय धरायचे. पण पंधरा वर्षांचा धंदा आडवा आला. “तसं नाही हं डॉक्टर,” रंगारी म्हणाला, “आमचं काम पाच वर्षं हलत नाही.”

“बाहेर बसा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्याला थांबवून म्हणाल्या, “आणि बोट द्यायचं तर साबणाने धुऊन द्या. नखं बारीक कापा.” औषध सासूबाईंच्या हातात देत त्यांनी सांगितलं, “दिवसातून चार वेळा, पाजल्यानंतर. नुसतं जिभेवर टपकवायचं नाही. गालांच्या आत, हिरड्यांवर, सगळीकडे सारखं लागलं पाहिजे.”

परतीच्या रिक्षात सासूबाई बोटांवर औषधाच्या वेळा मोजत होत्या. रंगाऱ्याला वाटलं, शिक्षा मोठी असणार, मोजायला वेळ लागतोय.

घरी दूध पाजून झाल्यावर सासूबाईंनी औषध काढलं. ते पिवळं होतं. पहिला प्रयत्न बाईसाहेबांनी त्यांच्या चष्म्यावर परत केला. दुसरा कानाकडे गेला.

“आई, दे मी लावते,” बायको म्हणाली. पण चष्म्यावरचा पिवळा ठिपका बघून तिला पुन्हा हसू फुटलं आणि तिसरा प्रयत्न उशीवर गेला. बाटलीतलं औषध बघवेना इतकं कमी झालं होतं.

रंगारी दारात उभा होता. तिथून दिसणारं काम त्याला पाहवत नव्हतं.

“आई,” तो शेवटी म्हणाला, “तुम्ही मधोमध सुरू करताय. कोपरे आधी घ्यायचे असतात.”

सासूबाईंनी चष्मा पुसला. बाळाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि बराच वेळ त्याच्या हातांकडे पाहिलं.

“कोपरापर्यंत साबण लावा,” त्या म्हणाल्या. “दोनदा. नखं कापा. आणि मग या.”

तो तीनदा धुऊन आला. स्वच्छ कापसाचा बोळा काडीला गुंडाळला, औषधात बुडवला, बाटलीच्या कडेला टेकवून जास्तीचं निथळलं. मग सासूबाईंनी बाळ त्याच्या डाव्या हातावर ठेवलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा. तिचं वजन एका लिटरच्या तीन डब्यांहून कमी भरलं, पण त्याने ती भरल्या पिंपासारखी जपून धरली. हात हलला नाही. उजवा गाल आतून, डावा गाल आतून, वरची हिरडी, खालची हिरडी, आणि मग जिभेवरून एकच सरळ हात, मागून पुढे. एक थेंब ओघळला नाही. बाईसाहेब तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे पाहत राहिल्या, कारागिराला पाहावं तशा.

सासूबाई वाकून चारही कोपरे पाहून आल्या. तपासणीत काही सापडलं नाही.

“बरं झालंय,” त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हात पुढे केले. “द्या आता इकडे.”

रंगारी एक पाऊल मागे सरला.

“आत्ता नाही, आई. वाळू दे.”

“वाळायला किती वेळ लागतो?”

“पावसाळी हवा आहे,” खिडकीबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे बघत तो म्हणाला. “चार तास तरी धरा.”

सासूबाईंनीही त्या उन्हाकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची ओढली, त्याच्यापासून मोजून एक फुटावर ठेवली, आणि त्या वाळण्याची वाट बघत बसल्या.