सम्यकचा श्वास मला ठाऊक आहे

मित्रांनो, मी पितळेचा आहे, वयाने जुना आहे आणि स्वभावाने जरा मिजासखोर आहे. लग्नाच्या वरातीत ज्याचा आवाज सगळ्यांच्या पुढे जातो, तो ट्रम्पेट म्हणजे मी. ढोलवाले म्हणतील, आम्ही पुढे. म्हणू द्या बापड्यांना.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या कारागिराने पत्रा वाकवून, ठोकून मला घडवले आणि आगगाडीत बसवून दिले. मी या शहरात उतरलो तेव्हा त्याला औरंगाबाद म्हणत; आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. क्रांती चौकाजवळच्या एका गल्लीत सांडू मास्तरांची बँड पार्टी होती. मास्तरांनी मला विशीतल्या एका लाजाळू तरुणाच्या हाती दिले. त्याचे नाव सम्यक.

वाजवणाऱ्याची बोटे सगळ्यांना दिसतात, पण त्याचा श्वास फक्त वाद्याला कळतो. सम्यकचा श्वास भित्रा होता. नवरदेव घोड्यावर चढला, गर्दी जमली, की त्याची छाती धडधडायची, ओठ कोरडे पडायचे आणि माझ्यातून नुसताच फुसका आवाज निघायचा. चितेगावच्या एका लग्नात तर त्याने मला सरळ पेटीत ठेवले. "मास्तर, मला नाय जमायचं. जीव घाबरा व्हतोय."

मास्तर वाईट नव्हते. पण आमच्या धंद्यात एक खुळी समजूत आहे, की दोन घोट पोटात गेल्याशिवाय वाजवणाऱ्याचे ओठ सुटत नाहीत. वऱ्हाडीही हौसेने पाजतात. बँडवाल्याला पाजली नाही तर पाहुणचार कमी पडला असे मानतात. मास्तरांनी ग्लास पुढे केला. "आरं, मार दोन घोट. धडधड पळून जाती बघ."

खोटे कशाला बोलू? गेली पळून. त्या दिवशी आम्ही असे वाजलो की नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला. दारूने पहिल्याच दिवशी दगा दिला असता, तर सम्यक पुन्हा तिच्या वाटेला गेला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धडधड दुप्पट होऊन परत आली. ती घालवायला पुन्हा घोट. अशी वर्षे गेली. लग्न झाले, विशाखा घरात आली. मग कोरोना आला आणि वराती बंद झाल्या. मी खिळ्याला लटकलेला, सम्यक भिंतीला टेकलेला. जेवण नको, बोलणे नको, अंघोळसुद्धा नको. शेजारी म्हणायचे, आळशी झालाय. त्याचे मन आजारी पडले आहे, हे कोणाच्या डोक्यातही आले नाही. वराती सुरू झाल्या, पण त्याचे मन काही उठेना. आता बाटली माझ्या पेटीत, मखमलीखाली राहू लागली. माझ्या अंथरुणात, मित्रांनो! मला किती किळस वाटायची म्हणून सांगू. त्याची आई मनकर्णाबाई मला चिंचेने घासायची. तिला वास आला. ती नुसती जास्त वेळ घासत राहिली.

घरात रोज संध्याकाळी सगळे मिळून पंचशील म्हणायचे. चार शीले सम्यक खणखणीत म्हणायचा. दारूपासून दूर राहण्याचे पाचवे आले, की त्याचा आवाज बसायचा.

एकदा दौलताबादच्या वरातीत तो झोकांडी खाऊन पडला, तोही माझ्यावरच. माझा कर्णा चेपला. लोक हसले. घरी आल्यावर तो विशाखाला हळूच म्हणाला, "मला आता जगावंच वाटंना." ते ऐकून माझा चेपलेला कर्णा मी विसरून गेलो.

विशाखा रात्रभर त्याचा हात धरून बसली. सकाळी त्याने बाटली मोरीत ओतली, पाचवे शील मोठ्याने म्हटले आणि आतल्या खोलीत जाऊन बसला. हिंमत शंभर नंबरी, पण रीत चुकली. दुसऱ्या दिवशी हात लटलट कापू लागले, घाम फुटला, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसू लागल्या. तरी म्हणे, "शील मोडलं त्याची शिक्षा हाय ही. मलाच भोगू द्या."

विशाखा आरोग्य खात्याची आशाताई. वस्तीत दारोदार फिरून लोकांना दवाखान्याची वाट दाखवणारी. ती कडाडली, "जगाची दुखणी मी उघड्यावर आणती, न् माझ्या घरातलं लाजंनं झाकू व्हय? उठा! शिक्षा न्हाय ही, आजार हाय."

तिने त्याला रिक्षात घातले, सोबत मलाही पेटीसकट. बाटली कुठे लपायची ते तिला डॉक्टरबाईंना दाखवायचे होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शील घेतलंत ते चांगलंच. पण रोज पिणाऱ्यानं एकट्यानं एकदम बंद करायचं नसतं, जिवावर बेततं. ते औषधाखाली करू. आणि ज्या धडधडीसाठी तुम्ही प्यायचात, ज्या उदासीनं जगणं नकोसं केलं, त्यांच्यावरही इलाज आहे. तो आजवर कुणी केलाच नाही."

सम्यक तिथेच ढसाढसा रडला. आठ दिवस दवाखान्यात राहिला. मग गोळ्या, आणि दर आठवड्याला बाईंपाशी बसून बोलणे. सगळे सरळ झाले असे नाही. दिवाळीत एकदा पाय घसरला. विशाखाने आदळआपट केली नाही. सकाळी पुन्हा रिक्षा बोलावली, बस्स.

परवा शहरातच एक वरात होती. नवरदेवाचा काका ग्लास घेऊन आला. "घे की गड्या, आनंदाची येळ हाय!"

सम्यकने मला छातीशी धरले. तो म्हणाला, "काका, म्या सोडलीय. पाणी असंल तर द्या."

काका हिरमुसला, पण पाणी आणले. सम्यक ते प्यायला आणि त्याने मला ओठाला लावले. छाती धडधडतच होती, मला तर प्रत्येक ठोका कळत होता. पहिला सूर चिरकला. बँडमधले पुढचे दोघे वळून पाहू लागले. तो थांबला नाही. दुसरा सूर जरा बरा निघाला, तिसरा बरोबर लागला, आणि मग घोडा चालू लागला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही वरातीत नाचाल. तेव्हा वाजवणाऱ्याला ग्लास देऊ नका, पाणी विचारा. घरात कोणी गप्प गप्प राहू लागले, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला दवाखान्यात न्या. सम्यकला अजून भीती वाटते. काल वाटली, उद्याही वाटेल. पण आता तो घरी येतो, मला खिळ्याला अडकवतो आणि विशाखाला म्हणतो, "आज लई भ्या वाटलं गं."